वीतभर अलीकडे

वरचा तांडा, ता. महागाव
९ फेब्रुवारी २०२५

भैरवी,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. पहिलाच शब्द वाचून तू पत्र फाडू नये म्हणून.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला वर्ष होत आलं. संजयच्या फोनवरून लावला तर त्या बिचाऱ्याचाही ब्लॉक. "माह्या नंबरनं काय गुन्हा केलता बे?" म्हणून तो अजून मला टोमणे मारतो. म्हणून हे पाकीट. पोस्टातल्या बाईंनी तिकीट लावताना विचारलं, "अर्ज आहे का?" म्हटलं, नाही, भांडण आहे.

मुद्द्याचं लिहितो. रत्नप्रभाताईंच्या नव्या नाटकाची जाहिरात पाहिली. संगीत 'लदेणी'. लमाणांचा तांडा बैलांवर मीठ लादून निघतो त्याची गोष्ट. नायिका तू, हे खाली छापलेलंच आहे. नायक गोमा, त्याच्यासाठी ऑडिशन २३ मार्चला यवतमाळात. वाचलं अन् डोकं सटकलं. मीठ वाहिलं आमच्या पणज्यानं, आणि गोमा होणार कोण तर राजूरचा तो अनिकेत? सगळे त्याचंच नाव घेऊन राह्यले. तो तुझा हात धरून गाणार आणि मी इथं कापसाच्या गाडीवर बसून ऐकणार? जमणार नाही. ही भूमिका मला पाहिजे. मला दुसरं काहीच नको.

तुझ्या भावाचे दोन दात खोटे आहेत ते माझ्यामुळे, हे मी कधी नाकारलं? गॅदरिंगच्या तालमीत श्रेयस म्हणाला, "तुमच्या लोकांचं गाणं म्हणजे ढोरं हाकलणं. जरा माणसांत ये." माझ्या हातात हार्मोनियम होती. ती मी आधी नीट खाली ठेवली, हे लक्षात घे. मग मारलं. तुझे बाबा वकील. त्यांनी केस केली नाही, पण मला केबिनमध्ये बसवून सांगितलं, "तू स्वतःहून कॉलेज सोड, विषय इथंच मिटला." सोडलं. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात. आता काकाची पिकअप चालवतो.

त्या दिवशी तू ओढणीनं त्याचं तोंड पुसलंस आणि माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. माझी चार बोटं फुटली होती.

मी येणार आहे ऑडिशनला. घरी सांगायचं तर सांग.

प्रेम


वरचा तांडा
२३ फेब्रुवारी

भैरवी,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमन दिसला की मी गाडी हळू करतो.

ताईंना फोन केला. "प्रेम राठोड? तो दातवाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो. "गळा आहे तुला, डोकं नाही," म्हणाल्या आणि ऑडिशनचा नियम सांगितला. तो तुला माहीत असेलच, पण मी माझ्यासाठी लिहून काढतो. गोमाला आपल्या जिवलग दोस्ताला लाठीनं ठार मारायचं आहे, आणि मारता मारता गायचं आहे. ताल चालू. प्रत्येक घाव वरून पूर्ण ताकदीनं आणायचा आणि खालीच्या मात्रेवर, जिथं डग्गा गप्प असतो तिथं, समोरच्याच्या अंगापासून वीतभर अलीकडं थांबवायचा. घावाचा आवाज लाठीतून नाही, पुढच्या समेला डग्ग्यातून येणार. "लागली, तर तिथून सरळ घरी जायचं," ताई म्हणाल्या. "मला मारामारी येणारा नको. थांबता येणारा पाहिजे."

थांबायचं! आमच्या नंगाऱ्यात गप्प बसणारी मात्रा नसते गं. एकदा टिपरी पडली की पडतच राहते.

पहिला आठवडा आंब्याला कुटाराचं पोतं टांगून सराव केला. ताईंनी ठेका व्हॉट्सअॅपवर पाठवला होता तो पिकअपच्या स्पीकरवर लावायचा, गायचं आणि मारायचं. पोतं फाटलं. दुसरं टांगलं, तेही फाटलं. याडी, माझी आई, म्हणाली, "बैलानं काय खावं आता, तुहं गाणं?" मग संजय म्हणाला मी उभा राहतो. डोक्यात हेल्मेट घालून समोर आला अन् म्हणतो, "मरू मी, अन् गाणं तू म्हणशील? हा कोणता न्याय हाय बे?" हसलो दोघंही. पहिले दोन घाव थांबले. तिसऱ्याला मला अनिकेत दिसला. तुझा हात धरलेला. लाठी थांबली नाही.

संजयचं खांद्याजवळचं हाड मोडलं. हेल्मेट वर होतं, लागलं खाली. पुसदला नेला. गाडीत कळवळत होता आणि तरी विचारत होता, "सूर लागलता का पण?"

लागला होता. तो घाव बसला तेव्हाच सगळ्यात सुंदर लागला होता. हे मी तुलाच सांगू शकतो.

परवा महागावात कापूस खाली करताना गुणगुणत होतो तर एक ड्रायव्हर म्हणाला, "अय हिरोईन, एक लावणी होऊ दे." त्याची कॉलर धरली, त्याच्या सोबतच्यानं मागून पान्हा घातला. भुवईवर टाके आहेत. मी त्याला किती मारलं ते विचारू नको. लोकांनी ओढून काढला तेव्हा तो थुंकत होता आणि थुंकी लाल होती.

ऑडिशनपर्यंत टाके निघतील.

प्रेम


वरचा तांडा
८ मार्च

भैरवी,

तू येणार आहेस! ताईंनी कालच फोनवर सांगितलं. होळीला आमच्या तांड्यावर लेंगी, आमची होळीची गाणी, ऐकायला, नाटकासाठी चाली टिपायला येतात, सोबत तू, आणि गाडी चालवायला श्रेयस. ये म्हण त्यालाही. पाहुणा आहे. आम्ही पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही.

तुला आधी सांगून ठेवतो म्हणजे घाबरणार नाहीस. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या घरी वर्षात मुलगा झाला त्या घरापुढं खुंटा रोवतात. त्याला गोडाची चरवी बांधतात. बाया हातात निरगुडीच्या ओल्या फोका घेऊन राखण करतात आणि पुरुषांनी ती चरवी पळवायची. बाया मारतात. लाजत नाहीत, थांबत नाहीत, वर्षभराचा हिशेब करतात. पुरुषानं मार खायचा, शिव्या खायच्या, गायचं, पण बाईवर हात उचलायचा नाही. फोकसुद्धा धरायची नाही. माझा बा तांड्याचा नायक, त्याच्यापुढं पोलीसपाटील खुर्ची सोडतो. तोही त्या दिवशी पाठीवर पोतं बांधून पळतो. तुझ्या हातातही याडी फोक देईल. घे. आणि मला शोध.

श्रेयसला हे सांगायची गरज नाही. सगळं आधीच सांगितलं तर मजा जाते.

बबिता, माझी बहीण, तुला पाहायला उतावीळ आहे. तिची फोक पूर्ण तांड्यात प्रसिद्ध आहे. तिला मी काही सांगून ठेवलं आहे. गंमत आहे, तू डोक्यात घेऊ नको.

सराव चालू आहे. संजय नाही, म्हणून कडुलिंबाच्या खोडासमोर उभा राहतो. दहा घावांत चार थांबतात. खोडाची साल गेली आहे.

प्रेम


वरचा तांडा
१६ मार्च

भैरवी,

तू गाडीच्या मागच्या काचेतून पाहत होतीस. माझ्या हातात काठी होती आणि बा खाली बसला होता. एवढंच तू पाहिलंस, की सगळं पाहिलंस, हे मला कळत नाही, म्हणून सगळं लिहितो.

सकाळ चांगली होती ना? ताई बाजेवर बसून फोनवर लेंगी टिपत होत्या. याडीनं तुझ्या हातात फोक दिली. तू आधी हळूच मारलीस, मग दुसरी सपकन. बाया ओरडल्या, "मार बाई मार, आमच्या वाटचीबी मार!" तू हसलीस. वर्षानंतर. तुझ्या फोकेचा वळ माझ्या डाव्या खांद्याखाली आहे, मी तिथं हळद लावू दिली नाही.

मग पोरांनी श्रेयसला ओढलं. "चला साहेब, चरवी काढा!" तोही हसत आला, शर्टाच्या बाह्या सारून. वाईट वागला नाही, खोटं कशाला बोलू. मी बबिताकडं पाहिलं. मान हलवली. तिनं त्याच्या कानशिलावर फोक बसवली. ओल्या फोकेनं कानाची पाळी फाटली. त्यानं हात लावला, रक्त पाहिलं, आणि फोक हिसकून तिच्या कपाळावर उलटी मारली.

यवतमाळात कुणी मारलं तर लोक उलटून मारतात. त्याच्या लेखी तेवढंच झालं. आमच्या लेखी, होळीच्या दिवशी, खुंट्यापुढं, नायकाच्या लेकीवर पाहुण्यानं हात टाकला. नंगारा थांबला. बबिताच्या डोळ्यांत रक्त उतरत होतं आणि ती उभीच होती, तिलाही कळेना की आता काय करतात. कारण असं कधी झालंच नव्हतं.

बानं कुडाला टेकलेली लाठी घेतली. लोखंडी कड्यांची, रानडुकरासाठीची. मी बाला ओळखतो. तो ओरडत असतो तोवर भीती नाही. तो गप्प होता. श्रेयस पळायला गेला, पोरांनी पाय घातला, पडला. बानं लाठी डोक्याच्या मागं नेली. ती खाली आली असती तर आज तुमच्या घरी तेराव्याची तयारी असती. शपथेवर सांगतो.

मला वाटलं, होऊ दे. एका श्वासापुरतं वाटलं. मग तू किंचाळलीस, "प्रेम!"

मी संजयच्या भावाच्या हातातली काठी ओढली आणि बाच्या मनगटावर मारली. पूर्ण जोरानं. आवाज आला. तो मी लिहू शकत नाही. बाची लाठी श्रेयसच्या कानाजवळ जमिनीत घुसली आणि बा खाली बसला. त्यानंतर मी दोघातिघांना मारलं, कुणी मला मारलं, श्रेयसला ओढत गाडीपर्यंत आणला, तुम्ही गेलात.

बा ओरडला नाही. मनगट मांडीवर घेऊन माझ्याकडं पाहत होता. "तुनं मले मारलं?" म्हणाला. "थ्या पोट्ट्यासाठी?"

श्रेयससाठी नाही, हे मी कसं सांगू? जिच्यासाठी मारलं तिचं नाव तांड्यात मोठ्यानं घ्यायचं नाही.

पुसदला प्लास्टर घातलं. उजवा हात. जेवण याडी भरवते. मी ताट घेऊन गेलो तर त्यानं तोंड भिंतीकडं केलं. बबिताला टाके आहेत, आणि ती कुणाला ऐकू जाणार नाही अशी मला म्हणाली, "भिया, तूच सांगतलं होतं नं, चांगली बसव म्हणून?"

होळीत फोक कोणालाही जोरात बसते. ती विनाकारण मनावर घेते.

तांड्यात कुणी माझ्याशी बोलत नाही. ऑडिशन आठवड्यावर आली. एवढं होऊन ती भूमिका मिळाली नाही, तर हे सगळं मी कशासाठी केलं?

प्रेम


यवतमाळ, बसस्टँड
२४ मार्च

भैरवी,

काल सगळ्यांसमोर बोलता आलं नाही. रात्र इथंच काढली, गावाकडं जावंसं वाटेना.

अनिकेत छान गातो. मान्य. त्याचा आवाज ऐकून मला त्याला मारावंसं वाटलं, यापेक्षा मोठी दाद माझ्याकडं नाही. पण लाठी तो अशी धरतो जशी कुणी छत्री धरावी. मागं कुणीतरी हसलं तेव्हा मला वाटलं, झालं, गोमा आपला.

मग ताईंनी माझं नाव घेतलं आणि मरणाऱ्या दोस्ताच्या जागी, तुला सोडायला आलेल्या श्रेयसला उभं केलं. कानाला पट्टी होती.  ताई मुद्दाम करतात असं, मला कळतं. तू हार्मोनियमवर होतीस आणि सूर देताना तुझी बोटं चुकली. तुझी बोटं कधीच चुकत नाहीत.

गुडघ्यावर बसल्यावर श्रेयस ओठ न हलवता म्हणाला, "मार. हिशेब मिटेल, सुटू दोघंही."

मी गायलो. लाठी उचलली. आणि लाठी डोक्यावर गेली की मला बाच्या मनगटाचा तो आवाज आला. पहिल्या घावाला आला, दुसऱ्याला आला. प्रत्येक वेळी हात आपोआप थांबला, वीतभर अलीकडं, जसं कुणी आतून धरलं. डग्गा वाजला की श्रेयस खरंच मार बसल्यासारखा हलायचा. शेवटच्या घावाला तो पडला आणि उठलाच नाही. सूर माझ्या गळ्यातून निघत होता, पण मला तो माझा वाटत नव्हता. संजयच्या वेळी वाटला होता तसा सुंदरही नव्हता. लोक मात्र रडले.

ताईंनी चष्मा काढला. "कुठं शिकलास हे?"

"घरी," म्हटलं.

"गोमा तू," म्हणाल्या.

मी जिन्यात तुझी वाट पाहत थांबलो. वाटलं तू हसशील, फोक मारताना हसली होतीस तशी. तू खाली आलीस आणि म्हणालीस, "मी नाटक सोडलं. आत्ताच ताईंना सांगून आले."

"काहून?"

"तू बापाला मारलंस, प्रेम."

"तुझ्या भावासाठी. तूच हाक मारलीस."

"हो. मी हाक मारली आणि तू बापाचं हाड मोडलंस. पुढं मी कशासाठी हाक मारेन आणि तू काय मोडशील? मला तुझ्या समोर उभं राहून गाता येणार नाही. मला भीती वाटते तुझी."

मी भिंतीवर मूठ मारली. हो, मारली, तू ते पाहूनच दोन पायऱ्या वर सरकलीस. तुझ्या भावाचा जीव मी वाचवला, बापाला गमावलं, आणि भीती माझी? ज्यानं माझ्या बहिणीचं कपाळ फोडलं त्याची नाही? तुम्ही लोक वकिलाच्या घरचे. आमचं रक्त तुम्हाला नाटकात चालतं, जिन्यात चालत नाही.

बस लागली. आणखी लिहिलं असतं.

प्रेम


वरचा तांडा
२ एप्रिल

भैरवी,

मागचं पत्र मिळालं असेल तर शेवटचा भाग वाचू नको. वाचला असेल तर वाचला.

पाडव्याला बानं पहिल्यांदा हाक मारली. अंगणात बाजेवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. "यवतमाळले काय करून आला म्हणते तू?"

"नाटकात घेतलं, बा."

"काय करतं तिथं?"

"मारतो."

"कोणाले?"

"दोस्ताले."

"ते तं इथंबी करतं," बा म्हणाला. घरात याडी फसकन हसली. मलाही हसू आलं, आणि बाच्या मिशा हलल्या. मला वाटलं मिटलं. "गातं बी नं? दाखव," म्हणाला.

मी संजयला बोलावलं नाही. एकट्यानंच लाठी घेतली, अंगणाच्या मध्ये उभा राहिलो, फोनवर ठेका लावला आणि गायला लागलो. बा मान हलवत होता. हे आपलं आहे, हे त्याला कळत होतं. गोमाचा पहिला घाव आला. मी लाठी डोक्याच्या मागं नेली.

बानं प्लास्टरचा हात डोक्यावर घेतला. खांदे आत ओढून, डोळे मिटून, पूर्ण मुटकुळं केलं. मी त्याच्यापासून दहा पावलं लांब होतो. माझं तोंडसुद्धा त्याच्याकडं नव्हतं.

ठेका चालू राहिला. मग त्यानं हात खाली केला, इकडंतिकडं पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून, आणि म्हणाला, "माशी होती."

माशी नव्हती, भैरवी.

माझा बा, धरमसिंग नायक. अस्वलाच्या तोंडातून शेळी ओढून आणलेला माणूस. जिन्यात तू दोन पायऱ्या वर सरकलीस तेव्हा मला राग आला होता, वाटलं होतं तुझ्या घरानं तुला शिकवलं आहे घाबरायला. बाला कुणी शिकवलं? मी त्याच्या पाया पडलो नाही, रडलोही नाही. लाठी कुडाला उभी केली. याडी म्हणाली, पुढचं म्हण की. मी म्हटलं, एवढंच आहे.

बबिताला मी सांगितलं की फोक तिनं माझ्या सांगण्यावरून बसवली हे मी नसाबीपुढं, पंचांपुढं, बोलणार आहे. "आता बोलून काय, माह्या कपाळावरचा वण जाईल काय?" म्हणाली. तरी बोलणार आहे.

काल ताईंना फोन केला. म्हटलं, गोमा अनिकेतला द्या. मला मरणारा दोस्त द्या.

"वेडा आहेस का?" त्या चिडल्या. "त्याला पहिल्या अंकात मार खाऊन मरायचं आहे. त्याला पुढं एकही गाणं नाही. तुझ्यासारखा गळा मी असा पुरू?"

"पुरा," म्हटलं. "मार खाता येतो का ते पाहायचं आहे."

 मग म्हणाल्या, "भैरवीला विचारते."

म्हणून हे पत्र, ताईंचा फोन यायच्या आधी तुला कळावं यासाठी. मी गोमा नाही. नाटकात मी तुझा हात धरणार नाही, तुझ्याकडं पाहत गाणार नाही, माझ्या हातात लाठी असणार नाही. अनिकेत छत्रीसारखी धरो नाही तर कशीही, मी गुडघ्यावर बसेन. त्याचा हात एखाद्या दिवशी थांबला नाही तर लागेल, त्याला मी काही करणार नाही. हे लिहिताना दात आवळले गेले, पण लिहिलं.

तू परत ये. नाटक तुझं आहे.

मेलेला माणूस दुसऱ्या अंकापासून विंगेत बसून असतो. तिथून तुझं गाणं ऐकू येईल. तेवढं चालेल का? तेही चालत नसेल तर ताईंकडं निरोप दे. मी मरून झालं की बाहेर जाऊन पायरीवर बसत जाईन, आणि दार लावून घ्यायला सांगीन.

प्रेम धरमसिंग राठोड